घरांतला समुद्र आणि त्याचें मीठ

मिठासारख्या सामान्य वस्तूवर भाषण करावयाचें म्हणजे श्रोत्यांच्या सहनशीलतेची परीक्षाच पाहणें आहे, असें आपणांपैकीं कांहींना वाटेल. आमटींत मीठ कमी पडलें कीं अधिक पडलें, एवढाच काय तो आपला आणि मिठाचा नित्याचा संबंध. परंतु गेलीं तीन वर्षें मला एका निराळ्या मिठाचा अभ्यास करावा लागत आहे. हें मीठ माणसांसाठीं नव्हे, माशांसाठीं आहे. घरांत काचेच्या पेटींत समुद्रांतले मासे पाळावयाचे तर त्यांच्यापुरता समुद्र आपणच तयार करावा लागतो, आणि तो तयार करण्याचें कृत्रिम मीठ बाजारांत मिळतें. तें कसें निवडावें, हा माझा आजचा विषय. मी मॅट्रिकपलीकडे शिकलों नाहीं. माझें रसायनशास्त्र शाळेच्या प्रयोगाच्या कपाटापलीकडे कधीं गेलें नाहीं. तेव्हां मी सांगणार आहें तें पंडिताचें नव्हे, ठेच लागलेल्या माणसाचें सांगणें आहे, असें समजून ऐकावें.

आमचें बिऱ्हाड दादरला. समुद्र चालत दहा मिनिटांवर. मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयांत लहानपणीं वडिलांचें बोट धरून मी गेलों होतों, तेव्हांपासून काचेमागच्या माशांचें वेड माझ्या डोक्यांत होतें. पण शिक्षकाच्या पगारांत आणि दोन खोल्यांच्या संसारांत त्याला जागा कोठून मिळणार? सेवानिवृत्त झाल्यावर नातवानें तेंच वेड धरलें. त्याच्या दहाव्या वाढदिवशीं त्याच्या वडिलांनीं शंभर लिटर पाणी मावेल अशी काचेची पेटी आणून दिली, आणि नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेल्या विदूषक माशांची एक जोडी तींत सोडावयाची, असें ठरलें.

पेटी आली त्याच दिवशीं शेजारचे एक गृहस्थ पाहावयास आले व म्हणाले, “मास्तर, समुद्र दाराशीं असतां मीठ विकत आणणार? दोन डबे पाणी भरून आणा म्हणजे झालें!” प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. खुल्या समुद्राचें स्वच्छ पाणी मिळालें तर त्याच्यासारखें दुसरें कांहींच नाहीं, हें खरें आहे. पण दादरच्या चौपाटीवर जें पाणी येतें तें खुल्या समुद्राचें नसतें. शहराचें सांडपाणी, नाल्यांतून येणारा गाळ आणि बोटींचें तेल हीं सारीं त्यांत मिसळलेलीं असतात. शिवाय पावसाळ्याचे चार महिने पावसाचें आणि खाड्यांचें गोडें पाणी किनाऱ्यालगत पसरतें व खारटपणा उतरतो. पाणी वैशाखांत एका प्रकारचें व श्रावणांत दुसऱ्याच प्रकारचें. कोळ्यांच्या होडींतून खोल समुद्रांत जाऊन दर आठवड्यास पाणी आणणें ज्याला साधेल त्यानें अवश्य आणावें. माझ्यासारख्या गुडघे दुखणाऱ्या माणसाला मिठाची पिशवी बरी.

ही अडचण आपल्याच वांट्याला आली आहे असें नाहीं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं मत्स्यगृह उघडलें, तेव्हां समुद्रापासून दूर राहणाऱ्या शौकिनांना हाच प्रश्न पडला. फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञानें १८५४ सालीं त्यावर तोड काढली. ब्राइटनच्या समुद्रजलाचें जें रासायनिक पृथक्करण उपलब्ध होतें त्यावरून त्यानें चार वस्तूंची कृति बसविली: साधें मीठ साडेतीन औंस, एप्समचें मीठ, म्हणजे आपल्याकडे जुलाबासाठीं देत तें, पाव औंस, मॅग्नेशियम क्लोराइड २०० ग्रेन आणि पोटॅशियम क्लोराइड ४० ग्रेन, आणि हें सर्व चार क्वार्टांहून थोड्या कमी पाण्यांत विरघळवावयाचें. चुन्याचा अंश नदीच्या वा नळाच्या पाण्यांत असतोच, म्हणून तो त्यानें निराळा घातला नाहीं. आजचीं सर्व महागडीं मिठें या चार पुड्यांचीं वंशज आहेत.

पण समुद्राची नक्कल करतां येते ती कशाच्या बळावर? १८७२ ते १८७६ या काळांत ‘चॅलेंजर’ नांवाच्या इंग्रजी जहाजानें पृथ्वीवरील महासागरांची पाहणी केली. त्या प्रवासांत गोळा केलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचें पृथक्करण विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञानें केलें व तें १८८४ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत जें आढळलें त्याची चाहूल पूर्वींच्या शास्त्रज्ञांना लागलेलीच होती. डिटमारनें तें पक्कें केलें. एका ठिकाणचें पाणी अधिक खारट, दुसऱ्या ठिकाणचें कमी, असें होतें. पण त्यांतील मुख्य क्षारांचें परस्परांशीं असलेलें प्रमाण खुल्या महासागरांत जवळजवळ सर्वत्र एकच राहतें. हजार ग्रॅम समुद्रजलांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकीं क्लोराइड १९·३५ ग्रॅम, सोडियम १०·७८, सल्फेट २·७१, मॅग्नेशियम १·२८, कॅल्शियम ०·४१ आणि पोटॅशियम ०·४० ग्रॅम. राहिलेल्या चिमटीभर भागांत बाकीचें सारें आलें. म्हणजे मिठाची परीक्षा करावयास निसर्गानेंच एक माप घालून दिलें आहे, आणि कारखानदाराच्या जाहिरातीकडे न पाहतां त्या मापाकडे पाहणें आपल्या हातीं आहे.

हें माप मला आधीं ठाऊक असतें तर पुढची गोष्ट घडली नसती. वाढदिवसाच्या घाईंत मीं एका दुकानांतून सुटें ‘समुद्री मीठ’ आणलें. दुकानदारानें पिंपांतून फावड्यानें काढून पारदर्शक पिशवींत भरून दिलें. पिशवीवर नांव नाहीं, घटक नाहींत, कांहीं नाहीं. बंद डब्यांतल्या मिठाच्या निम्म्याहून कमी दर, म्हणून मी मनांत खूष. घरीं येऊन पाण्यांत विरघळविलें, विशिष्ट गुरुत्व मोजण्याची कांचेची नळी त्यांत सोडली. तिनें बरोबर १·०२६ दाखविलें. नातवाला मीं मोठ्या ऐटींत सांगितलें, “बघ, हा तुझा अरबी समुद्र.” मासे सोडले. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं खाणें सोडलें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं ते पृष्ठभागाजवळ धापा टाकीत होते, आणि संध्याकाळीं मुलगा शाळेंतून परत येण्यापूर्वीं दोन्ही गेले. तो कांहीं बोलला नाहीं. पेटीचा दिवा मात्र त्यानें स्वतः जाऊन बंद केला. चाळीस वर्षें मुलांना शिकविलेल्या माणसाला त्या वेळीं काय वाटलें असेल, तें निराळें सांगावयास नको.

राहिलेल्या मिठाचें पाणी करून मग मीं तपासलें. थेंब टाकून रंग बदलला कीं प्रमाण समजतें अशा परीक्षेच्या पेट्या आतां मिळतात. मॅग्नेशियम नांवालाच, कॅल्शियम त्याहूनहि थोडें, आणि पाण्याला आम्ल होऊं न देणारी जी क्षारता, ती जवळजवळ नाहींच. थोडक्यांत, तें मिठागराचें मीठ होतें. मुंबईच्या आसपास वडाळा, भांडुप, मुलुंड येथें मिठागरें होतीं, तीं ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांना यांतली खोंच लगेच कळेल. भरतीचें पाणी एका वाफ्यांतून दुसऱ्या वाफ्यांत घेत उन्हांत आटवतात. आधीं चुन्याचे क्षार खालीं बसतात. पाणी आटून मूळच्या सुमारें दहाव्या हिश्शावर आलें म्हणजे मीठ धरूं लागतें. आणि मॅग्नेशियमचे कडवट क्षार शेवटपर्यंत पाण्यांतच राहतात, तें पाणी काढून टाकतात. न टाकतील तर आपलें मीठ कडू लागेल. म्हणजे मिठागर हें समुद्रांतून एक क्षार वेंचून काढण्याचें यंत्र आहे. समुद्राच्या क्षारांत खाण्याचें मीठ शंभरांत सुमारें अठ्ठ्याहत्तर भाग. माशाच्या दृष्टीनें उरलेले बावीस भाग तितकेच मोलाचे, आणि आपण नेमके तेच फेंकलेले असतात. समुद्रांतून निघालेलें मीठ पुन्हां पाण्यांत टाकलें म्हणून समुद्र होत नाहीं, तो यामुळें.

आणि ती कांचेची नळी? तिनें मला फसविलें नाहीं. तिला जें विचारलें त्याचें उत्तर तिनें खरें दिलें. पाणी किती जड आहे एवढेंच ती सांगते. तें कशानें जड झालें आहे तें सांगणें तिचें काम नव्हे. नुसत्या मिठानेंहि १·०२६ होतें, आणि साखरेनेंहि होईल.

सारें पाप त्या दुकानदाराच्या माथीं मारणें मात्र अन्यायाचें होईल. माझीहि एक मोठी चूक होती. नव्या पेटींत माशाच्या मलमूत्रांतून अमोनिया सांठतो. त्याचें आधीं नायट्राइट व पुढें नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतु दगडांवर व वाळूंत वाढावयास चार ते सहा आठवडे लागतात. ते वाढण्यापूर्वीं मासे सोडणें म्हणजे मोरी बांधण्यापूर्वीं बिऱ्हाड करण्यासारखें आहे. पुढच्या खेपेस आम्हीं सहा आठवडे रिकामी पेटी पाहत बसलों. मुलाच्या वयाला तें फार झालें, पण रोज संध्याकाळीं अमोनियाची परीक्षा करून वहींत आंकडा टिपून ठेवण्याचें काम त्यानें एकदांहि चुकविलें नाहीं.

आतां निवडीकडे वळूं. दुकानांत जाण्यापूर्वीं एकच प्रश्न स्वतःला विचारावा: पेटींत राहणार कोण? कृत्रिम मिठाचे बाजारांत स्थूलमानानें दोन वर्ग आहेत. एकांत कॅल्शियम व क्षारता हीं समुद्राच्या जवळपास ठेवलेलीं असतात. दुसऱ्यांत मुद्दाम वाढविलेलीं असतात. उदाहरणार्थ, ‘रेड सी’ या कंपनीचें साधें मीठ क्षारतेच्या जर्मन मापानें सुमारें ८ अंशांचें, तर तिचेंच ‘कोरल प्रो’ सुमारें १२ अंशांचें. समुद्राचें स्वतःचें माप सुमारें ७. हा दुसरा वर्ग वाढत्या प्रवाळांसाठीं आहे. प्रवाळ आपला सांगाडा बांधतांना पाण्यांतील चुना सतत उचलतात, म्हणून शिधा आगाऊ भरून ठेवलेला. पण श्रोतेहो, आपल्या देशांत वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं प्रवाळभित्ति बांधणारे प्रवाळ व समुद्रघोडे समाविष्ट झाले आहेत. समुद्रांतून तोडलेला प्रवाळ कोणी दारावर आणून दिला तरी तो घेणें हा गुन्हा आहे. मग ज्या घरांत विदूषक मासे, एखादी कोळंबी आणि शंखाचा खेंकडा एवढेंच कुटुंब नांदावयाचें, तेथें प्रवाळाचें महाग मीठ आणून करावयाचें काय? जादा चुना पंपावर आणि पाणी तापविण्याच्या नळीवर पांढऱ्या पुटाच्या रूपानें बसतो, एवढाच त्याचा उपयोग मीं पाहिला. महाग तें चांगलें ही समजूत येथें खोटी पडते. माशांसाठीं साधें, समुद्राच्या जवळचें मीठच योग्य. आणि विदूषक मासेहि समुद्रांतून पकडलेले न घेतां पैदास केलेले घ्यावे; आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनें त्यांची पैदास साधली आहे, आणि असे मासे पेटींत अधिक रुळतात.

दुसरी गोष्ट जाहिरातीची. ‘यांत सत्तरांहून अधिक सूक्ष्म द्रव्यें आहेत’ असें कांहीं डब्यांवर छापलेलें असतें. यावर भाळूं नये. घाऊक रसायनें कधींच निर्मळ नसतात. त्यांत तांबें, जस्त, निकेल यांचे कण आपोआप येतात. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अॅटकिन्सन आणि बिंगमन या दोघांनीं बाजारांतलीं आठ मिठें तपासलीं, तेव्हां सूक्ष्म धातूंची उणीव आढळली नाहीं. उलट कित्येक धातू महासागरांतल्यापेक्षां पुष्कळच अधिक निघाले. कोळंबीच्या जातीला तांबें विष आहे. तेव्हां किती द्रव्यें आहेत याची फुशारकी मारणाऱ्या डब्यापेक्षां कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि क्षारता यांचे आंकडे ३५ च्या खारटपणास किती, हें स्पष्ट छापणारा डबा मला अधिक विश्वासार्ह वाटतो. कॅल्शियम चारशें ते साडेचारशें, मॅग्नेशियम साडेबाराशें ते साडेतेराशें, हें लिटरमागें मिलिग्रॅममध्यें, आणि क्षारता सात ते दहा अंश, एवढें असलें कीं माशांना पुरे. ज्यावर आंकडेच नाहींत तें मीठ मी आतां हातांत धरीत नाहीं.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि पेन्शनरानें ती लपवावी कशाला? डब्यावर लिहिलेल्या लिटरांवर विसंबूं नये. कांहीं कारखानदार कमी खारटपणाचा हिशेब धरून लिटर वाढवून सांगतात. क्षारांबरोबर मिठांत पाण्याचा अंशहि बांधलेला असल्यामुळें लिटरला ३५ ऐवजीं सुमारें ३७ ग्रॅम मीठ लागतें. वजनाला ३७ नीं भागावें: २२ किलोच्या डब्याचें पाणी होतें सुमारें ५९५ लिटर. शंभर लिटरची पेटी प्रथम भरावयास ३ किलो ७०० ग्रॅम, आणि पुढें दर आठवड्यास दहा लिटर पाणी बदललें तर ३७० ग्रॅम, म्हणजे वर्षाला १९ किलो. हा वर्षाचा खर्च झेपत असेल तरच पेटी आणावी. मासे एकदांच विकत घ्यावे लागतात, मीठ जन्मभर.

मीठ चांगलें आणि पाणी वाईट, असें झालें तरी सर्व व्यर्थ. मुंबईचें नळाचें पाणी तानसा, वैतरणा, भातसा येथील तलावांचें, म्हणजे मुळांत पावसाचें. त्यांत क्षार थोडे असतात, पण क्लोरीन असतो. तो घालविण्यास सोडियम थायोसल्फेट पुरतें; फोटोग्राफरांच्या अंधाऱ्या खोलींत ‘हायपो’ म्हणून जें वापरीत तेंच हें. गाळणयंत्राचें पाणी त्याहून चांगलें. परंतु पिण्याच्या पाण्याच्या पुष्कळ यंत्रांत चवीसाठीं थोडे क्षार परत मिसळण्याची योजना असते, ती बंद आहे ना तें आधीं पाहावें.

मिसळण्याच्या बाबतींत पाण्यांत मीठ घालावें, मिठावर पाणी ओतूं नये. कोरड्या मिठावर थोडें पाणी पडलें कीं क्षणभर अत्यंत तीव्र खारें पाणी होतें, त्यांत कॅल्शियम आणि खाण्याच्या सोड्यासारखा अंश एकमेकांशीं गांठ पडून खडू बनतो, आणि तो खडू मग विरघळत नाहीं. पाणी दुधासारखें गढूळ झालें तें याचमुळें. बादलींत लहान पंप सोडून पाणी स्वच्छ होईपर्यंत फिरवावें, पेटीइतकें ऊन म्हणजे २५-२६ अंश करावें, मग मोजावें. मोजण्यास प्रकाशाच्या वक्रीभवनावर चालणारी दुर्बिणीसारखी नळी मिळते. ती गोड्या पाण्यावर न जुळवितां, शुद्ध मीठ ३६·५ ग्रॅम व निर्मळ पाणी ९६३·५ ग्रॅम यांच्या द्रावणावर जुळवावी. तें द्रावण तिच्यांत ३५ दाखवितें.

दुसऱ्या वर्षीं मे महिन्यांत माझ्या हातून आणखी एक चूक होणार होती ती थोडक्यांत टळली. उकाड्यानें पेटींतलें पाणी रोज बोटभर आटे, आणि मी भोळेपणानें बादलींतलें तयार खारें पाणी त्यांत ओतीत असें. आठ दिवसांनीं नातू म्हणाला, “आजोबा, पाणी उडून जातं, मीठ कुठं जातं?” मीं मोजलें, ३५ चे ३९ झाले होते. आटलें म्हणजे गोडें पाणीच घालावयाचें, खारें पाणी फक्त बदलतांना, ही गोष्ट मिठागराचें वर्णन वर्गांत वर्षानुवर्षें करणाऱ्या माणसाला दहा-अकरा वर्षांच्या मुलानें शिकविली. चार दिवस थोडें थोडें पाणी बदलून खारटपणा खालीं आणला. एकदम उतरविला असता तर माशांना तोहि धक्का बसला असता.

राहिला पावसाळा. या मिठांतले मॅग्नेशियम व कॅल्शियम यांचे क्लोराइड हवेंतला ओलावा आधाशासारखा शोषून घेतात. आषाढांत उघडी राहिलेली पिशवी पंधरा दिवसांत दगड होते, आणि आंतल्या आंत तोच खडू बनूं लागतो. दगड झालेलें मीठ फोडून वापरूं नये. शिवाय प्रवासांत हलून बारीक कण तळाशीं जातात, म्हणून प्रत्येक वेळीं मीठ काढण्यापूर्वीं डबा आडवा करून चार वेळां लोळवावा. आमचें मीठ घट्ट झांकणाच्या जुन्या तांदुळाच्या डब्यांत असतें. तो डबा स्वयंपाकघरांत ठेवूं द्यावा म्हणून मला आमच्या घरच्या मंडळींची बरीच मनधरणी करावी लागली. परवानगी मिळाली ती एका अटीवर, आणि ती अट डब्याच्या झांकणावर ठळक अक्षरांत लिहिलेली आहे: ‘हें मीठ माशांचें. आमटींत घालूं नये.’ अक्षर नातवाचें आहे. पेटींतली दुसरी जोडी गेलीं दोन वर्षें धडधाकट आहे, आणि संध्याकाळीं दिवा लावण्याचें काम त्यानें अजून दुसऱ्या कोणाकडे दिलेलें नाहीं.